अर्धवेळ माणूस पाहिजे

“याआधी कुठे काम करत होतात?”

“इथंच,” वडील म्हणाले.

जाहिरात मुलाचीच होती. झाडांच्या कामासाठी अर्धवेळ माणूस पाहिजे, दोर धरता यावा, भरवशाचा असावा. वडिलांनी ती वाचली, इस्त्रीचा शर्ट घातला, मागच्या दाराने बाहेर पडले, घराला वळसा घातला आणि पुढच्या दाराची बेल वाजवली. आत आल्यावर स्वतःच्याच खुर्चीकडे बोट दाखवून “बसू का?” असंही विचारलं.

“बाबा, हा काय तमाशा आहे?”

“मालक, मुलाखत घ्यायची तर नीट घ्या.”

“बरं. आधीचं काम का सोडलंत?”

“सोडलं नाही. घरी बसवलं. हात थरथरतात म्हणे.”

दोघांनीही त्या हातांकडे पाहिलं. एका हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप होता. बशी कोरडी ठणठणीत होती.

हात थरथरतात हे मुलानेच सगळीकडे सांगितलं होतं. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. तो झाडावर चढला की बाप खालून गिऱ्हाइकादेखत ओरडायचा, “अरे गाढवा, ती नव्हे, तिच्या वरची!” गिऱ्हाईक हसायचं. माणसाने धंद्याचं नाव वाढवायचं, की गाढव हे नाव वाढवायचं? शेवटी त्याने सगळं हातांवर ढकललं. हात काही उलटून बोलत नाहीत.

त्यानंतर धड माणूस मिळेना. काम तसं अवघड नव्हतं. वर चढणारा कमरेच्या पट्ट्याने दोराला बांधलेला असतो, दोर वरच्या फांदीवरून खाली येतो, आणि खालच्याने तो धरून ठेवायचा असतो. बस. पहिल्याने दोर शेजारी उभ्या असलेल्या स्कूटरला बांधला आणि तंबाखू आणायला गेला. स्कूटरवाला आला, किल्ली फिरवली, निघाला. त्या दिवशी मालक न चढताच शेंड्यावर पोचले. दुसऱ्याला वर बघितलं की चक्कर यायची. तिसरा ‘आज जमणार नाही’ असा निरोप रोज सकाळी न चुकता पाठवायचा. भरवशाचा म्हणावा तर तोच.

आणि उद्या शाळेचं काम होतं. पटांगणातलं वाळलेलं झाड वर्गाच्या छपरावर झुकलेलं. सोमवारी शाळा भरायच्या आत ते उतरवलं तर सगळ्या शाळांची झाडं याच्याकडे येणार होती. नाहीतर करवत विकून पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली.

“घे रे त्यांना,” आई स्वयंपाकघरातून ओरडली. “घरात बसून माझा जीव खातात. फोडणीत मोहरी किती घालायची तेसुद्धा खुर्चीत बसून सांगतात.”

“फक्त उद्याचा दिवस,” मुलगा म्हणाला. “आणि बोलायचं नाही.”

“मालक म्हणतील तसं.”

दुसऱ्या दिवशी वडील खरंच बोलले नाहीत. त्यांनी दोराचा एक वेढा खोडाला घातला, पाय रोवले आणि मान वर करून उभे राहिले. मुलगा फांद्या उतरवत गेला. मुख्याध्यापिका येऊन दोनदा काहीतरी विचारून गेल्या. वडिलांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

दुपारी छपरावरची मोठी फांदी कापताना मुलाने चुकीच्या बाजूने करवत लावली. खालून आवाज आला नाही. फांदी अर्ध्यात मोडली, झोका घेऊन फिरली आणि त्याच्या छातीवर आदळली. पाय सुटले. करवत गेली. खाली पटांगणातली फरशी त्याला एकदम स्पष्ट दिसली, तिच्यावर खडूने आखलेल्या खेळाच्या चौकटीसकट.

मग पट्टा कमरेत रुतला आणि तो थांबला. हवेत, उलटा, जिवंत.

वडील मागे रेलून उभे होते. तळव्यांची सालं निघाली होती. दोर सुटलेला नव्हता.

त्यांनी त्याला हळूहळू, वीत वीत करत खाली घेतलं. पाय जमिनीला लागल्यावर मुलगा तिथंच बसला.

“तुम्ही ओरडला का नाहीत?”

“बोलायचं नाही असं ठरलं होतं.”

मुलाने त्यांचे हात हातात घेतले, उलटेपालटे करून पाहिले. “बाबा, चुकलं माझं. उद्यापासून तुम्ही कायमचे या. पूर्णवेळ. हवं तेवढं ओरडा. गाढव म्हणा, मी गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवीन.”

“उद्या नाही जमणार,” वडील दोराची गुंडाळी करत म्हणाले. “मी पलीकडच्या रस्त्यावरच्या झाडं तोडणाऱ्यांकडे लागलोय.”

“त्यांच्याकडे? आपल्या जिवावर उठलेत ते! आणि कधी लागलात?”

“आत्ताच.”

फाटकाबाहेर एक हिरवा टेम्पो उभा होता. आतल्या माणसाने वडिलांकडे पाहून अंगठा वर केला आणि टेम्पो चालू केला.

“तीन ठिकाणी विचारून आलो होतो,” वडील म्हणाले. “ज्याला पोटच्या पोराने घरी बसवलं त्याला आम्ही कसं ठेवायचं, सगळ्यांचं तेच. हा एकटाच बरा निघाला. म्हणाला, काका, एक दिवस पोराचाच दोर धरून दाखवा. तो जिवंत उतरला, तर या.”