आरमारी ओक
इंग्रज सुतार ओकाच्या बुंध्याभोवती टेप गुंडाळत होता आणि डॅनिश वनरक्षक राग्नहिल्ड थर्मासमधली कॉफी त्याला न विचारता एकटीच पीत होती. १८०७ साली इंग्रजांनी तोफा डागून कोपनहेगन जाळलं आणि डेन्मार्कचं अख्खं आरमार ओढून नेलं. त्या आगीत राग्नहिल्डच्या पूर्वजाची सहा वर्षांची लेक गेली. नव्या युद्धनौका बांधून सूड घ्यायचा, म्हणून त्यानं हे रान लावलं. ओक जून व्हायला दोनशे वर्षं लागली. तोवर लाकडी नौकांचा जमानाच सरला. आता त्याच इंग्रजांना संग्रहालय म्हणून ठेवलेली त्यांची जुनी युद्धनौका जपण्यासाठी लाकूड हवं होतं. राग्नहिल्डकडून हे सगळं ऐकून सुतार हसला. “इतक्या जुन्या गोष्टींचा राग धरून काय मिळतं, बाई?” “लाकूड मिळतं,” ती म्हणाली. “हे रान रागानंच लावलंय. झाड देते, पण त्याची तुळई तोफांच्या मजल्यावर बसवायची, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. तिच्यावर आमच्या पोरीचं नाव कोरायचं, आणि ही कोण असं कुणी विचारलं, तर तुमच्या लोकांनी काय केलं ते तुम्हीच सांगायचं.” सुताराचं हसू मावळलं. त्यानं वही काढली. “नाव सांगा.” “योहाने.” “जोहाना,” तो पुटपुटला. तोडायच्या झाडावर शिक्का उमटवायचा हातोडा तिनं उचलला होता, तो खाली घेतला. “‘ज’ नाही, पाहुणे, ‘य’. नीट म्हणा.” तिसऱ्या खेपेला नाव त्याच्या तोंडून बरोबर आलं, तेव्हा कुठे तिनं बुंध्यावर हातोडा हाणला.