मालकाची सही

तळोद्याला एमएस्सी करणाऱ्या शीलानं, भारी गोळ्यांनाही भीक न घालणाऱ्या जंतूंच्या काचेच्या ताटलीत, एका झाडाच्या सालीचा अर्क सोडला. दुसऱ्या दिवशी अर्काभोवती बटणाएवढ्या गोलात एकही जंतू उरला नव्हता.

"एकदा झालं ते नशीब," तिचे मार्गदर्शक जगदीश सर म्हणाले. "पुन्हा करून दाखव. पण ज्याच्या झाडाची साल, त्या मालकाची परवानगीच्या फॉर्मवर सही आधी आण. आज पाचपर्यंत फॉर्म नाही आला, तर प्रकल्प बंद."

साल होती पाड्यावर झाडपाल्याचं औषध देणाऱ्या कौसाबाईच्या बांधावरची. शीलानं तिलाच जीपमधून खाली कॉलेजात आणलं. दुसऱ्या चाचणीची साल पिशवीत होती, पण कौसाबाई सही करायला तयार होईना.

"मालक मी नाही, पोरी. मी तांदूळ वाहते, झाडाला विचारते, मगच साल काढते. परवानगी त्याची."

पाच वाजायला दहा मिनिटं होती. शीलानं 'मालकाचे नाव' या रकान्यात सरळ 'झाड' असं लिहिलं आणि फॉर्म सरांपुढे ठेवला.

सर चिडले की अहिराणीवर येत. "ओ माय, झाड काय सही करस का?"

"नाही करत," कौसाबाई म्हणाली. "शाळेत कुठं गेलंय ते?"



मग तिनं पिशवीतला सालीचा तुकडा सरांच्याच शाईच्या पॅडवर दाबला, फॉर्मवर उमटवला आणि म्हणाली, "हा त्याचा अंगठा. तुमच्यासमोर दिलाय, आता साक्षीदार म्हणून तुम्ही सही करा."