जगलेल्या पोराचं झबलं

“स्वस्त मिळतं म्हणून घेताय का, बा?” मौलिकानं विचारलं आणि उत्तराआधीच कागदावरच्या पहिल्या चौकटीत पेन टेकवलं.

“स्वस्ताला काय करायचंय?” म्हातारी म्हणाली. “ज्यांची पोरं टिकतात त्यांनी नवं घ्यावं. आमच्या घरात टिकत नाहीत.” तिच्या मागं आठव्या महिन्याची सून, रमीला, कमरेवर हात ठेवून उभी होती. “हिची दोन गेली. दोन्ही छठीच्या आधी, सहा दिवसांचीसुद्धा झाली नाहीत. आता जगल्यावाढल्या पोराच्या अंगावरचं झबलं न्यायचं आणि तेच आधी घालायचं.”

मौलिकाच्या कागदावर चार चौकटी होत्या. स्वस्त, टिकाऊ, फॅशन, पर्यावरण. लोक जुनं का विकत घेतात यावर तिचा प्रबंध होता आणि त्यासाठी दोन महिने ती अहमदाबादच्या रविवारच्या गुजरीत, जुन्या बाजारात, फिरत होती. चौकटी सरांनी घरात पंख्याखाली बसून आखलेल्या. म्हातारीचं उत्तर कशातच बसेना, तेव्हा तिनं ते समासात लिहिलं.

“तसलं झबलं माझ्याकडंच मिळेल, दुसरीकडं विचारूसुद्धा नका,” कपड्यांच्या ढिगाआडून मंगुबेन म्हणाली. आठवडाभर ती डोक्यावर स्टीलच्या भांड्यांचं टोपलं घेऊन सोसायट्यांतून हिंडायची आणि भांड्याच्या बदल्यात जुने कपडे घ्यायची. “लहान पोराचा कपडा असला की दारातच विचारते, पोर धडधाकट आहे ना? घरात काही वाईट झालेलं असेल तर टोपलं उचलते नि चालू लागते. मला देवीला, मेलडीमाला, तोंड दाखवायचंय.”

तिनं ढिगात हात घातला आणि एक पिवळं झबलं ओढून काढलं. गळ्याशी निळ्या दोऱ्यानं पोपट भरलेला होता.

“ते नको,” मौलिका एकदम म्हणाली.

मंगुबेन खो खो हसली. “हिचंच आहे ते! ही बघा, पोराची आई इथं उभीच आहे. दिवाळीच्या आवराआवरीत दिलंन आणि झाकणाचा डबा घेतलान. पोरगा आता बालमंदिरात जातो, दारातच सांगितलंन मला. आणि आता हिचा जीव अडकलाय चिंधीत! दोन महिने माझी गाठोडी उचकतेय, वर म्हणते अभ्यास करते.”

दोन्ही खरं होतं. प्रबंध खरा होता आणि गाठोडी उचकणंही खरं होतं. देताना मौलिकानं फार घाई केली होती. एका सकाळी सगळं एकदम घराबाहेर काढलं आणि डबा मांडणीवर ठेवतानाच तिला पश्चात्ताप झाला. खिडकीत धावली, तोवर मंगुबेन कोपऱ्यावरून वळली होती.

“मला परत दे,” मौलिका म्हणाली. “तुझा डबाही घेऊन जा. ह्यांना दुसरं दे काहीतरी. ते हिरवं दे. हे विरलंय, बा, दोन धुण्यांत फाटेल.”

म्हातारीनं डोळे बारीक केले. “आई सोडायला तयार नाही म्हणजे लाभलेलं दिसतंय. उगाच का कुणी चिंधीला कवटाळतं? रमीला, घे ते.”

मौलिकानं हात पुढं केला, पण रमीलानं आधी घेतलं. तिनं ते हुंगलं, पदराखाली पोटावर ठेवलं आणि वर दोन्ही तळवे दाबून डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते.

“दोन्ही वेळा मी नवं शिवलं होतं, बेन,” डोळे उघडून ती म्हणाली. “पेटीत तशीच आहेत. घडीसुद्धा मोडली नाही. तुमचा नीट खातो ना?”

मौलिकानं पुढं केलेला हात मागं घेतला. रमीलाच्या तळव्यांखालून ते झबलं ओढून घेणं आता कुणालाच जमलं नसतं.

“खातो,” ती म्हणाली. “भेंडी सोडून सगळं.”

“केवढा झाला?”

“आखात्रीजच्या सणाला चार वर्षं पुरी होतील.”

“शहरातल्या बाया गोड बोलतात,” म्हातारी मधेच म्हणाली. “पोराचं नाव काय तुझ्या?”

“जैमिन.”

“मग जैमिनची शप्पथ घेऊन सांग.”

“ओ बा!” मंगुबेन भडकली. “पोराची शप्पथ मागतं का कुणी? खोटी निघाली तर पोरावर येते.”

“म्हणूनच तर मागते. देवाची कुणीपण घेईल. पोराची खोटी कुठली आई घेईल?”

रमीला मान खाली घालून उभी होती. तिला सासूची लाज वाटत होती, पण नको घेऊ असं काही ती म्हणाली नाही.

मौलिकानं कागद खाली ठेवला. रमीलाच्या पोटावर, त्या झबल्यावर, तिनं आपला हात ठेवला.

“माझ्या जैमिनची शप्पथ,” ती म्हणाली. “हे घालून तो वाढला. धडधाकट आहे. तुमचंही तसंच होईल.”

रमीला रडायलाच लागली. म्हातारीनं मौलिकाच्या कानशिलांवरून बोटं फिरवून कडाकडा मोडली, तुझा शंभर वर्षांचा होवो म्हणाली आणि सुनेला सांभाळत गर्दीतून घेऊन गेली. त्या भाजीच्या गाड्यांपर्यंत पोचेतो मौलिका त्यांच्याकडं बघत होती.

मंगुबेननं तिला बसायला पाट सरकवला.

“धन्य तुमची, बेन! मी पाच पोरांची आई. खऱ्याला खरं सांगतानासुद्धा पोराची शप्पथ घ्यायला माझी जीभ धजत नाही. तुम्हाला भीती नाही वाटली?”

“भीती कसली, मंगुबेन?” मौलिका म्हणाली. “तीन महिन्यांचा होता. त्याच झबल्यात गेला.”