लेप वाळेना

काच पुन्हा चिकटच निघाली.

झालं! विद्यापीठातून कारखान्यात शिकायला आलेल्या मुलीने तीही बाद काचांच्या ढिगात ठेवली. काचेवर वाफ धरू नये म्हणून तिच्या सरांनी जन्म घालवून शोधलेला हा लेप. प्रयोगशाळेत हमखास वाळायचा, इथे मेला वाळता वाळेना. आज नाही जमलं तर कंपनी करार मोडणार, आणि प्रयोगशाळेला टाळं लागणार.

"यंत्रच भिकार आहे त्यांचं!" सर फोनवर तडकले. स्वतः मात्र कधी इकडे फिरकले नव्हते. म्हणायचे, लेप कंपनीला दिला म्हणजे लेक सासरी दिली; तिथल्या कारभारात नाक खुपसू नये.

दुपारी भट्टीच्या उबेत तिचे डोळे पेंगुळले. बिनखिडक्यांच्या शेडमध्ये काचा पट्ट्यावरून संथ सरकत होत्या. अर्धवट झोपेत त्या सरकत सरकत थेट प्रयोगशाळेत गेल्या. टेबलावर नेहमीचा पसारा, पेला ठेवायला जागा नाही. म्हणून काचा खिडकीच्या कट्ट्यावर मांडलेल्या, आणि त्यांच्यावर ऊन सांडलेलं. कसं शांत, पिवळंधमक! ती त्यात बोट बुडवणार, तोच दचकून जागी झाली.

"अगं बाई, ऊन!"

ओली काच घेऊन ती आवारात धावली. मुख्य इंजिनिअर मॅडम मागोमाग. बघता बघता लेप खडखडीत वाळला.

"उन्हाचं काम करणारे दिवे मिळतात," मॅडम म्हणाल्या. "पण कृती बदलायची तर तुझ्या सरांचा होकार हवा."

इथेच तर घोडं पेंड खात होतं. लेप नुसत्या हवेवर वाळतो, असं सरांनी जगाला सांगून टाकलं होतं. आता त्यांचं हसं होणार. शेवटी तिने फोन लावला.

"सर, यंत्र बरोबर आहे. चुकलं आपलंच. टेबलावर जागा नव्हती म्हणून आपण काचा उन्हात ठेवायचो, आणि ते कुणाला सांगितलंच नाही."

पलीकडून फोन बंद झाला. तिला रडूच कोसळलं.

संध्याकाळी पाळी बदलली. नवी शिकाऊ पोरं हसत-खिदळत आत आली. त्यांच्या मागून पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ, हेल्मेट सावरत, बिचकत. आपण अजून झोपेतच आहोत, असं तिला वाटलं.

सर तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"बाई, इथलं मला ओ की ठो कळत नाही," ते म्हणाले. "मी कुठे उभा राहू?"