बोक्याचा पत्ता

"चला, सगळ्यांनी हत्ती व्हायचंय!" व्यासपीठावरच्या बाईंनी फर्मान सोडलं, आणि सभागृहातले दीडशे बालग्रंथपाल निमूटपणे सोंडा हलवू लागले.

तिनेही हलवली. बालविभागांच्या वार्षिक परिषदेत हे दरवेळचंच. गोष्ट कशी सांगावी याचं प्रात्यक्षिक दाखवायचं, तर ऐकायला मुलं आणायची कुठून? मग पन्नाशी-साठीची माणसं कमरेवर हात ठेवून सतरंजीवर बसतात आणि तासभर मुलं होतात. वर्षभर पोरांना गप्प बसवणारी हीच मंडळी चहाच्या सुट्टीत असा गलका करतात की कानात बोटं घालावीत. त्या गलक्यात तिच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. एक सोडून.

मफलरवाले सर खांबाजवळ उभे होते. वातानुकूलित सभागृह त्यांना सोसत नसे, म्हणून हे नाव तिनेच मनातल्या मनात ठेवलं होतं. दोघांची शहरं वेगळी, वाचनालयं वेगळी. ओळख झाली ती पत्रमैत्री योजनेमुळे. एका वाचनालयातल्या मुलाने दुसऱ्या वाचनालयातल्या मुलाला दरमहा पत्र लिहायचं आणि ग्रंथपालांनी ते कचेरीच्या टपालातून धाडायचं. खरं नाव द्यायचं नाही, टोपणनावानेच लिहायचं, हा नियम. बाकीच्यांचा उत्साह दोन-तीन महिन्यांत मावळला. सरांकडचा बोका आणि तिच्याकडची खारुताई मात्र चार वर्षं नेमाने लिहीत होती.

"आणलंत?" सरांनी विचारलं.

"आणलंय ना."

पाकिटांची अदलाबदल झाली. परिषदेच्या महिन्यात पत्रं अशी हातोहात जात.

"ताप उतरला का खारुताईचा?"

"कधीच. बरी आहे आता."

"बोक्याने माझ्यामागे भुणभुण लावली होती, टपाल आलं का, टपाल आलं का." सर हसले. "अजून एकटीच जेवते?"

"पुस्तक उघडून समोर ठेवते. सोबत होते म्हणे."

"हाही तसलाच. घरात पाऊल टाकलं की आधी रेडिओ लावतो. कुणीतरी बोलत असलं की बरं वाटतं." सरांनी कप खाली ठेवला. "बाई, एक सांगायचं होतं. माझी ही शेवटची परिषद. महिनाअखेरीस निवृत्त होतोय. आमचा बालविभागही बंद होतोय."



"मग पत्रं?"

"कचेरीचं टपालच थांबणार. इलाज नाही."

टपाल महिन्याच्या पहिल्या सोमवारी येई. महिन्यातला तेवढा एकच दिवस ती वाचनालयाच्या पायऱ्या भराभर चढत असे.

"असं कसं? तुम्ही बोक्याच्या घरचा पत्ता द्या. थेट घरी येईल पत्र."

सरांनी मफलरचं टोक बोटाला गुंडाळलं. "घरी विचारावं लागेल."

"मग विचारा ना. आत्ता फोन करा."

"बघतो," सर म्हणाले आणि घाईने आत गेले.

पुढचं सत्र 'मुलं वाचनालयाकडे का वळत नाहीत' यावर होतं. तिच्या शाखेत मुलं येत, पण फुकटच्या वायफायला आणि पंख्याखाली बसायला. वक्त्याने चार कारणं सांगितली. तिने मात्र फायलीआड पाकीट फोडलं होतं.

'प्रिय खारुताई, सध्या जिना चढताना माझे गुडघे दुखतात. बहुतेक मी उंच होतोय. बाकी वीशेश काही नाही.'

तिला हसू आलं. 'विशेष' हा शब्द बोका दर पत्रात चुकवी, आणि तोही न चुकता.

समारोप झाल्यावर सर आले. हातात चार घड्या घातलेली चिठ्ठी होती.

"घरचे हो म्हणाले?" तिने विचारलं.

"म्हणाले. पत्र त्याच्याच हातात पडेल. दुपारचा घरीच असतो तो."

"आणि शाळा?"

"सकाळची आहे," चिठ्ठी तिच्या हातात देत सर म्हणाले. "तिला म्हणावं, उत्तराला उशीर झाला तर रुसू नकोस. बोका लिहीलच."

प्रमाणपत्राच्या रांगेतही न थांबता ते निघून गेले.

सभागृह रिकामं होऊ लागलं. कामगार खुर्च्या एकावर एक रचत होते. सरांचा फोन नंबर टिपून घ्यावा म्हणून तिने फायलीतली प्रतिनिधींची यादी काढली. त्यात सगळ्यांचे घरचे पत्ते होते. बोट सरांच्या नावापाशी आलं आणि थबकलं. तिने चिठ्ठी उलगडून यादीशेजारी ठेवली. गल्ली तीच. इमारत तीच. मजला आणि खोली क्रमांकसुद्धा तोच.

म्हणजे बोका नव्हताच. कधीच नव्हता. खारुताईचा ताप, तिचं एकटीचं जेवण, तिची सगळी गुपितं चार वर्षं हा साठीचा गृहस्थ वाचत आला होता आणि बारा वर्षांचा पोर बनून उत्तरं देत होता. बोक्याच्या एकेका पत्रासाठी तिने सोमवार मोजले होते. डोळे भरून आले. मुलांच्या योजनेत असा खेळ मांडणाऱ्याची तक्रार करा, असंच कुणीही म्हटलं असतं. संयोजकांचं टेबल दहा पावलांवर होतं.

ती उठली आणि टेबलापाशी गेली.

"बोला मॅडम," संयोजक म्हणाले. "काही अडचण?"

तिने हातातली यादी मिटली.

"एक कोरा कागद मिळेल का?"

कागद घेऊन ती जागेवर परतली. गेली चार वर्षं धरत आली होती तसं तिने पेन डाव्या हातात धरलं आणि वाकड्यातिकड्या गोल अक्षरांत लिहिलं, 'प्रिय बोका, आता मीपण तुला माझ्या घरचा पत्ता देते.'