काळी चिकटपट्टी

लपवलेला डबा मोबाइलमधल्या नकाशावरून शोधायचा खेळ सोसायटीने मुलुंडच्या बागेत सुरू केला, तेव्हा जयंतीकाकूंनी चकल्यांचा पारदर्शक डबा दिला. “घाबरू नका, हा खेळ आहे,” अशी चिठ्ठी आपल्या नंबरासह त्यावर चिकटवली. बाकाखाली लपवताना शेजारच्या सुयोगने चिठ्ठीसकट डबा काळ्या चिकटपट्टीने गुंडाळला. “काकू, सहज दिसला तर मजा काय?” त्यांनाही ते पटलं. आज कोणीतरी डबा पाहून घाबरलं. पोलिसांनी बाग रिकामी केली, बॉम्बशोधक पथक आलं. दोरीपलीकडच्या गर्दीत दोघं शेजारी उभी होती. “सांगून टाकूया रे,” काकू पुटपुटल्या. “गप्प बसा ना, वाट लागेल!” कुत्रा हुंगून परतला, जवानाने पट्टी सोलली, चिठ्ठी वाचली, फोन लावला. काकूंच्या पर्समध्ये आरती वाजू लागली. सगळ्या माना वळल्या. सुयोगही परक्या बाईकडे बघावं तसा त्यांच्याकडे बघत होता.