बुधवारचं जबलपूर

"आता लावून पाहा," बॉनेटखालून कवडू म्हणाला.

श्रीधरपंतांनी फियाटच्या रेडिओचं बटण फिरवलं. आधी शिट्टी वाजली, मग खरखर सुरू झाली. त्या खरखरीच्या तळाशी कुणीतरी बोलत होतं, पण शब्द कळत नव्हते.

"तसंच आहे."

कवडू हात पुसत खिडकीशी आला. "कंडेन्सर लावला, प्लगच्या वायरी बदलल्या, तरी काहून असं होऊन राहिलं? वकीलसाहेब, नागपूर तं एकदम साफ लागते. तुमाले जबलपूरच काहून पाहिजे?"

"भजनं चांगली असतात," श्रीधरपंत म्हणाले आणि त्यांनी इतवारीच्या त्या बोळातून गाडी मागे घेतली.

जबलपूरला त्यांची मुलगी होती. चारुशीला, एकुलती एक. सहा वर्षांपूर्वी तिने देवराव मेश्रामशी लग्न केलं. देवराव कॉलेजात शिकवायचा, वागायला सरळ होता. पण घर छप्पन साली दीक्षा घेतलेलं. श्रीधरपंतांना ते सोसलं नाही. या घरात तिचं नाव निघणार नाही, असं त्यांनी पत्नीला, यमुताईंना, बजावलं. यमुताई समोर उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली, आणि पुन्हा कधी ते नाव काढलं नाही.

नंतर देवरावची बदली जबलपूरला झाल्याचं कुणाकडून तरी कानावर आलं. त्यापुढे काहीच नाही.

मग या उन्हाळ्यात, कोर्टातून परतताना, रेल्वेच्या फाटकाशी गाडी थांबली होती. श्रीधरपंत उगाच बटण चाळवत होते. खरखरीतून एका भजनाची ओळ वर आली आणि त्यांचा हात थांबला. अंतऱ्याला जाण्याआधी किंचित अडखळल्यासारखं थांबायचं, ही खोड एकाच गळ्याची होती. लहानपणी त्याबद्दल ते तिला रागवायचे. फाटक उघडलं, मागचे टांगेवाले ओरडू लागले, निवेदिकेचं बोलणं खरखरीत बुडून गेलं.

तेव्हापासून दर बुधवारी संध्याकाळी ते गाडी सेमिनरी हिल्सवर नेऊन लावत. घरी चांगला मोठा रेडिओ होता. पण तो यमुताईंच्या देखत लावायचा कसा? स्वतःच घातलेली बंदी स्वतः मोडायची, तर आधी काहीतरी बोलावं लागलं असतं. ते त्यांना जमत नव्हतं.

टेकडीवरही फारसं हाती लागत नसे. काही बुधवारी भजनं दुसऱ्याच कुणाची असत. काही बुधवारी नुसतीच खरखर. तिचा आवाज लागला तरी दोन ओळी येत आणि विरून जात. एरियल हातात धरून ते गाडीबाहेर उभे राहत, पुन्हा आत येत, पुन्हा बाहेर जात. अंधार पडू लागला की घरी येत आणि कोर्टाच्या बार रूममध्ये उशीर झाला म्हणून सांगत.

यमुताई काही विचारत नसत. त्या अलीकडे फारसं बोलतच नसत. गेल्या पौषात सिवनीला बहिणीकडे जाऊन राहिल्या, तिथून आल्यापासून त्यांनी गोडधोड करणंही सोडलं होतं. गुडघे दुखतात, म्हणायच्या.

श्रीधरपंतांनी मनाशी एक ठरवलं होतं. एकदा तिचं गाणं सबंध ऐकायचं. मग यमुला घेऊन जबलपूरला जायचं आणि दारात उभं राहून जे बोलायचं ते बोलायचं. पण सबंध गाणं काही ऐकू येईना. पावसाळा सरला, दसरा झाला. आता हे व्हायचं नाही, असं त्यांना वाटू लागलं होतं. कधीकधी त्यात थोडा सुटकेचाही भाग असे.

एक दिवस कवडूने एरियल मुळापासून उखडलं आणि हसायला लागला.

"साहेब, हे पाहा. खाली सारा जंग चढला. पत्र्याले टेकूनच नाही राहिलं हे, तं अर्थिंग कसं भेटन?" त्याने पत्रा घासून चकचकीत केला, एरियल पुन्हा कसलं. "लावा आता तुमचं जबलपूर."

जबलपूर लागलं. शेजारच्या खोलीत कुणी बोलावं इतकं स्वच्छ.

बुधवारी श्रीधरपंत दुपारीच घरी आले. "यमू, पातळ बदल. जरा फिरून येऊ."

"आज? कुठे?"

"चल तर खरी."

टेकडीवर त्यांनी इंजिन बंद केलं. पहिलं भजन एका पुरुषाचं होतं. दुसऱ्या भजनाचा पेटीवर सूर लागला, आणि मग ती गाऊ लागली. एकही अक्षर तुटलं नाही. अंतऱ्याआधी ती थांबली, तेव्हा श्रीधरपंतांचे डोळे भरून आले.

"चारू आहे," ते म्हणाले. सहा वर्षांनी ते नाव त्यांच्या तोंडून निघालं होतं. "ऐकतेस ना? आपली चारू. मी चुकलो गं. रविवारी जाऊ आपण. मी देवरावचेही पाय धरीन."

यमुताई समोरच्या काचेतून बाहेर पाहत होत्या.

भजन संपलं. निवेदिकेचा आवाज आला, स्वच्छ, शब्द न् शब्द कळणारा. "अभी आपने सुना, स्वर्गीया चारुशीला मेश्राम का गाया हुआ भजन।"

श्रीधरपंतांनी घाईघाईने बटण फिरवलं, परत फिरवलं. काहीतरी चुकीचं ऐकू आलं असणार. यमुताईंनी त्यांचा हात धरला आणि बटणावरून बाजूला केला.

"पौषातच गेली हो ती," त्या म्हणाल्या. "मी होते तिच्यापाशी."